केळीवरच्या किडी: आधी ओळख, मग औषध

तुमच्या प्रश्नात चार तक्रारी एकत्र आल्या आहेत. खोडातून डिंकासारखा द्राव गळतो आहे, घड लागलेली काही झाडे मध्येच मोडली, पानांच्या मागे बारीक किडे आणि काळे ठिपके दिसतात, आणि नव्या पानांना भोके पडली आहेत. या सगळ्यावर चालेल असे एक औषध तुम्ही विचारले आहे. तसे औषध नाही, आणि कुणी देऊ केलेच तर घेऊ नका. वर्णनावरून या किमान तीन वेगळ्या किडी दिसतात. पहिल्या दोन तक्रारी एकाच किडीच्या, म्हणजे खोडकिड्याच्या, आहेत आणि तीच पीक घालवणारी आहे. पानांवरच्या दोन्ही तक्रारी डोळ्यांत भरतात, पण त्यांना थोडा धीर धरला तरी चालतो. बहुतेक बागांमध्ये मी याच्या उलट घडताना पाहतो: भोके पडलेल्या पानांवर पंप चालतो आणि खोडातली अळी निवांत असते.

आधी खोडाचे पाहू. केळीचे जे खोड आपण म्हणतो ते पानांच्या बुडख्यांची एकावर एक चढलेली आवरणे. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. घड निसवायच्या, म्हणजे केळफूल बाहेर पडायच्या, वेळी त्याचाच दांडा मधून वर येतो. त्या आवरणांत हवेच्या पोकळ्या असतात. खोडकिड्याची मादी सोंडेने बारीक छिद्र पाडून अंडी घालते ती नेमकी या पोकळ्यांत. म्हणून बाहेरून केलेली फवारणी तिथपर्यंत सहसा पोचत नाही.

खोडकिड्याची खूण म्हणजे तुम्ही पाहिलेला द्राव. सुरुवातीला तो पारदर्शक आणि चिकट असतो, हवा लागली की तपकिरी होतो. त्याच्या आसपास टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे सापडतील. खात्री करायची तर धारदार कोयत्याने बाहेरची दोन-तीन आवरणे अलगद सोला. आत बोगदे, कुजका वास आणि पिवळसर पांढरी, तांबूस डोक्याची, बिनपायाची जाडसर अळी दिसली की शंकेला जागा नाही. पूर्ण वाढलेली अळी आवरणांचेच तंतू गुंडाळून कोश करते. प्रौढ खोडकिडा काळा किंवा तांबूस तपकिरी असतो आणि दोन्ही रंगांचे किडे एकाच बागेत मिळतात. त्यांना वेगळ्या जाती समजू नका.

लागण साधारण पाचव्या महिन्यापासून दिसू लागते. अळ्या मधल्या दांड्यापर्यंत पोचल्या तर घडाला अन्नपाणी कमी पडते, केळी भरत नाहीत आणि घडाचे वजन पेलायची वेळ आली की झाड मध्येच मोडते. दोष वाऱ्याला दिला जातो. वाऱ्याने पडलेले झाड आणि किडीने मोडलेले झाड यांत फरक सोपा आहे: मोडलेल्या जागी बोगदे आणि काळपट कूज असेल तर वारा फक्त निमित्त.

उपायांत पहिला क्रमांक साफसफाईचा. प्रौढ किडे दिवसा लोंबत्या वाळक्या पानांखाली, सैल आवरणांत आणि कापणीनंतर उभ्या ठेवलेल्या बुंध्यांत दडतात. पाचव्या महिन्यापासून वाळकी पाने नियमाने काढा. हिरवी ओढून काढू नका, कारण ताज्या जखमेच्या वासावर हे किडे येतात. घड कापल्यावर खोड महिनोन्महिने उभे ठेवू नका. मुनव्याला, म्हणजे बुडातून फुटलेल्या पिल्लाला, त्यातून अन्न मिळते म्हणून काही जण ते ठेवतात, आणि कीड नसलेल्या बागेत त्याला माझी हरकत नाही. कीड असेल तर मात्र तोच बुंधा पुढच्या पिढीचे घर होतो. खोड जमिनीलगत कापा, उभे चिरून तुकडे पसरा आणि उन्हात पूर्ण वाळू द्या. अळीला ओल लागते. तुकडा वाळला की ती मरते. न चिरता बांधावर फेकलेले खोड आतून बरेच दिवस ओले राहते आणि कीड तिथे आपले आयुष्य पुरे करते.

दुसरा उपाय सापळ्यांचा. निरोगी, नुकत्याच कापलेल्या खोडाचे हातभर लांबीचे तुकडे उभे मधोमध चिरा आणि कापलेली बाजू खाली करून झाडांच्या बुडाशी ठेवा. रात्री किडे वासाने येतात. सकाळी ऊन चढायच्या आत तुकडे उलटून किडे वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. तुकडे वाळले की बदलायचे. कापलेल्या बाजूवर बिव्हेरिया बॅसियाना या मित्रबुरशीची भुकटी चोळली तर न वेचलेले किडेही बुरशी घेऊन जातात. एक ताकीद: सापळे लावून विसरून गेलात तर तुम्ही किडीला अंडी घालायला ताजी जागा दिलीत. वेचायला माणूस नसेल तर सापळे लावूच नयेत.

खोडात कीटकनाशक टोचायची पद्धतही आहे. ती फार तर निसवणीच्या बऱ्याच आधी, त्या पिकासाठी व त्या पद्धतीसाठी मंजूर असलेल्या औषधानेच करावी. घड लागल्यावर टोचू नये, अंश फळात उतरू शकतात. शिवाय पोखरलेल्या आवरणांत औषध नीट पसरत नाही, म्हणून लागण वाढलेल्या झाडाला त्याचा उपयोगही कमी.

याचाच भाऊबंद म्हणजे कंदावरचा सोंडकिडा. तो जमिनीखाली काम करतो, म्हणून उशिरा कळतो. झाड खुरटते, पोंगा, म्हणजे गुंडाळलेले नवे पान, बारीक निघतो, पाने पिवळी पडतात, घड लहान येतो आणि थोड्या धक्क्याने झाड बुडापासून आडवे होते. पडलेले झाड उलटून बघा. कंदच पोखरून तुटला असेल, बोगद्यांत काळा भुसा असेल तर सोंडकिडा. कंद शाबूत पण मुळे तोकडी, आतून तांबूस-काळी होऊन तुटलेली आणि झाड मुळासकट उपटले गेले असेल तर ते सूत्रकृमींचे काम. सूत्रकृमी म्हणजे मातीतले सूक्ष्म जंत, ते कीटक नव्हेत आणि त्यांचे उपायही निराळे, म्हणून ही तपासणी टाळू नका.

या किड्याचा स्वभाव समजला की उपाय आपोआप सुचतात. तो काळा, सेंटिमीटरभर किंवा थोडा मोठा, रात्री हिंडणारा, पंख असूनही क्वचितच उडणारा. हात लावला तर मेल्याचे सोंग घेतो. मादी आठवड्याला मोजकीच अंडी घालते, पण प्रौढ वर्षभर, कधी त्याहूनही जास्त जगतो. ओलाव्यात तो महिनोन्महिने अन्नाशिवाय तग धरतो, कोरड्यात मात्र काही दिवसांत मरतो. म्हणजे तो वादळासारखा येत नाही, हळूहळू साठत जातो. पहिल्या पिकात कळत नाही, खोडव्यात, म्हणजे मुनव्यांपासून घेतलेल्या पुढच्या पिकात, जाणवतो, दुसऱ्या खोडव्यात बाग विरळ होते. आणि स्वतः दूर जात नसल्याने नव्या जागी तो पोचतो तो मुख्यतः आपण नेलेल्या मुनव्यांतून.

म्हणून मुनवे घेताना मी फार काटेकोर असतो. पोखरलेल्या बागेतले मुनवे फुकट मिळाले तरी नको. घेतलेल्या मुनव्याची मुळे आणि कंदाची बाहेरची साल पांढरा गर दिसेपर्यंत तासा. बोगदे खोल गेले असतील तर तो मुनवा बाजूला टाका. तासलेले कंद ५२ ते ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात साधारण २० मिनिटे बुडवले तर उरलेली अंडी, बऱ्याच अळ्या आणि सूत्रकृमीही मरतात. इथे तापमापक लागतोच. हाताच्या अंदाजाने एकतर कीड वाचते किंवा कंद शिजतो. तासलेले मुनवे रात्रभर बागेत उघडे ठेवू नका, वासाने किडे त्यावरच येऊन बसतात.

उतीसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपे कीडमुक्त येतात हे खरे. पण ती कीडप्रतिकारक नसतात. जुनी पोखरलेली बाग काढून लगेच तिथेच ती लावली तर जमिनीत आणि जुन्या कंदांत उरलेले भुकेले सोंडकिडे कोवळ्या रोपांचे जास्तच नुकसान करतात. जुने कंद खणून, फोडून, वाळवून मधे दुसरे पीक घ्या.

कंदाच्या सोंडकिड्याच्या नराने सोडलेल्या गंधाने नर-मादी दोघे गोळा होतात. सॉर्डिडिन नावाचा तो गंध वापरून केलेले सापळे मिळतात. जमिनीत पुरलेल्या भांड्याची कड मातीशी सपाट हवी, कारण किडा चालत येतो. कड बोटभर जरी वर राहिली तरी तो वळसा घालून जातो. देखरेखीसाठी हेक्टरी ४ सापळे पुरतात, किडे कमी करायचे तर जास्त लागतात आणि त्यांची जागा बदलत राहावी लागते.

कंदाच्या सोंडकिड्यासाठी जमिनीत औषध ओतायचा मोह होतो, त्याआधी एक उदाहरण माहीत असावे. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप या कॅरिबियन बेटांवर याच किडीसाठी १९७२ ते १९९३ या काळात क्लोर्डेकोन नावाचे कीटकनाशक केळीच्या बागांत वापरले गेले. ते मातीत मुरले आणि अजून तिथेच आहे. तिथले पाणी, मासे आणि कंदमुळे आजही त्याच्या अंशांसाठी तपासावी लागतात. उलट क्युबामध्ये काही जातींच्या मुंग्यांच्या वसाहती केळीत नेऊन सोडल्या गेल्या, कारण त्या मुंग्या सोंडकिड्याची अंडी-अळ्या फस्त करतात. मुंग्यांबद्दल घाईने मत बनवू नये, ते यासाठी. पुढच्या किडीत मात्र मुंग्या किडीच्याच बाजूने असतात, तिचा गोड द्राव खाऊन तिला राखतात.

ती कीड म्हणजे मावा. तुम्ही मावा लिहिलेला नाही, तरी जाऊन बघाच. केळीचा मावा तपकिरी काळा, मोहरीहून लहान. तो पानावर उघडा क्वचितच बसतो. पोंग्यात, देठांच्या बेचक्यात, बुंध्याशी सैल आवरणाखाली आणि लहान मुनव्यांवर त्याच्या वसाहती असतात. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली की तिच्या मागोमाग जा, मावा किंवा पिठ्या ढेकूण सापडतो. त्याच्या रसशोषणाने केळीचे फारसे बिघडत नाही. तो वाहून आणतो त्या पर्णगुच्छ या विषाणूजन्य रोगाने, म्हणजे बंची टॉपने, बाग संपते.

हा रोग पहिल्यांदा १८८९ मध्ये फिजीत नोंदला गेला. १९२० च्या दशकात ऑस्ट्रेलियातली केळीची शेती त्याने जवळजवळ मोडीत काढली होती. सी. जे. मॅगी या शास्त्रज्ञाने तो माव्यातून आणि मुनव्यांतून पसरतो हे दाखवल्यावर तिथे कायदा करून रोगट झाडे शोधून उपटणे आणि रोगट भागातून मुनवे नेण्यावर बंदी, हे दोनच उपाय कडकपणे राबवले आणि शेती पुन्हा उभी राहिली. शंभर वर्षे होत आली, रोगट झाड बरे करणारे औषध अजून नाही.

ओळखायचे कसे? पान उजेडाकडे धरून मागून पाहा. देठावर, मधल्या शिरेजवळ आणि बारीक शिरांवर गडद हिरवे ठिपके-रेघा तुटक तुटक दिसतात. मधल्या शिरेला मिळताना त्या रेघा आकड्यासारख्या वळतात. पुढची पाने आखूड, अरुंद, उभी, कडांनी पिवळी, ठिसूळ होतात आणि टोकाशी झुपका होतो. झुपका दिसायची वाट पाहाल तर उशीर होईल. रेघा दिसताच कामाला लागा.

काम क्रमाने करायचे, कारण क्रम चुकला तर रोग आपणच पसरवतो. आधी माव्याचा बंदोबस्त: पोंगा, बेचकी आणि बुंधा साबणाच्या पाण्याने किंवा मंजूर कीटकनाशकाने पूर्ण भिजवा. एक दिवस जाऊ द्या. मगच झाड कंदासह आणि त्याच्या सगळ्या मुनव्यांसह खणून काढा. मुनवा वरून निरोगी दिसला तरी ठेवू नका, विषाणू कंदातून गेलेला असतो. आधीच कोयता चालवला तर हललेला मावा शेजारच्या झाडांवर जातो आणि जिवंत असेपर्यंत विषाणू पसरवत राहतो. कंदाचे तुकडे करा, पुन्हा फुटवा येऊ देऊ नका, आणि पुढचे काही महिने आसपासच्या झाडांची पाने पंधरवड्याने तपासा.

हरण्या रोग, म्हणजे काकडीवर्गीय पिकांतून येणारा मोझॅक, हाही माव्यातून येतो, पण तिथला मावा वेगळा असतो आणि क्षणभर सोंड खुपसूनही विषाणू देऊन जातो. औषधाने तो मरेपर्यंत काम झालेले असते. म्हणून हरण्या रोगासाठी मावा फवारत बसण्यापेक्षा केळीच्या आत आणि कडेला काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची आणि तण न ठेवणे जास्त उपयोगी. बंची टॉपचा विषाणू घ्यायला माव्याला काही तास लागतात, त्यामुळे तिथे माव्याचे नियंत्रण खरोखर कामी येते.

आता पानांकडे. मागच्या बाजूचे किडे आणि काळे ठिपके हे बहुधा जाळीदार पंखांच्या ढेकणाचे. भिंगातून पाहिले तर पंख पारदर्शक, जाळीचे दिसतात. काळे ठिपके ही त्याची विष्ठा. वरच्या बाजूने पान पांढुरके-पिवळे ठिपक्याठिपक्यांचे होते. जास्त लागलेली खालची पाने काढून टाका, पानांच्या मागे निंबोळी अर्क ५ टक्के मारा, पुरे होते. ठिपके तसेच पण बारीक जाळे आणि हलणारे लाल कण दिसले तर ते कोळी आहेत. त्यांच्यावर साधी कीटकनाशके चालत नाहीत. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांच्या फवारणीनंतर तर ते हमखास वाढतात, कारण त्यांना खाणारे मित्रकीटक मरतात. उन्हाळ्यात धूळ कमी आणि पाणी वेळेवर, एवढ्यानेही कोळी बराच आटोक्यात राहतो.

भोके नीट पाहा. पानावर आडव्या ओळीने सारख्या आकाराची असतील तर पान पोंग्यात गुंडाळलेले असतानाच अळीने किंवा भुंगेऱ्याने ते आरपार कुरतडले. म्हणजे खाणारा आज त्या पानावर नाही, नव्या पोंग्यात शोधा. मोठे पान कडेपासून पट्टीने गुंडाळलेले आणि आत पांढऱ्या भुकटीने माखलेली अळी असेल तर ती पान गुंडाळणारी अळी. गुंडाळी तोडून चिरडणे हाच सगळ्यात जलद उपाय. ही अळी १९७३ मध्ये हवाईत शिरली होती. तिथे तिची अंडी आणि अळ्या मारणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या आणून सोडल्यावर ती आटोक्यात आली. पांढऱ्या माशीची पांढरी वर्तुळे आणि त्याखालच्या पानांवर काळी बुरशी दिसली तरी असाच संयम ठेवा, तिलाही परजीवी कीटक मिळतात.

निसवणीच्या वेळी ८ च्या आसपास निरोगी पाने असली तर घड भरायला सहसा अडचण येत नाही. पानांच्या थोड्या नुकसानीवर फवारणीचा सपाटा लावला तर काय होते हे कोस्टा रिकातल्या गोल्फितो भागात दिसले आहे. १९५० च्या दशकात तिथे डिल्ड्रिनसारखी कीटकनाशके सुरू झाली आणि पूर्वी किरकोळ असलेल्या पाने खाणाऱ्या अळ्या मोठी कीड बनल्या. १९७३ मध्ये फवारणी थांबवली, आणि परजीवी कीटक परतल्यावर बहुतेक अळ्या पुन्हा किरकोळ झाल्या.

फळावरच्या किडींत वेळ साधणे हेच सगळे. फुलकिडे केळफुलाच्या पाकळ्यांखाली घुसून कोवळ्या केळ्यांची साल खरवडतात; नंतर तिथे खडबडीत पुरळ किंवा दोन केळ्यांमध्ये तांबूस गंजासारखे डाग राहतात. आतला गर चांगला असतो, पण विक्रीचा दर्जा जातो. डाग दिसल्यावर फवारून काही मिळत नाही. केळफूल बाहेर पडताच ते तपासा, फण्या उघडल्या की घडाला पिशवी घाला आणि नर फूल वेळेवर कापा. पावसाळ्यात साल खरवडणारे भुंगेरेही येतात, पिशवी त्यांनाही अडवते. काही फुलकिडे मातीत कोश करतात, तेव्हा बुंध्याभोवतीची माती हलकी खालीवर करणे उपयोगी पडते. पिशवी घालण्याआधी घडात पिठ्या ढेकूण नाही ना, हे पाहून घ्या. आत कोंडला तर तो आरामात वाढतो.

फवारणी करावीच लागली तर केळीच्या पानावर मेणाचा थर असतो, म्हणून चिकटद्रव्य मिसळा. सकाळी फुलांवर मधमाश्या असताना फवारू नका. औषध, मात्रा आणि काढणीपूर्वीचा थांबण्याचा काळ लेबलावरचाच पाळा. दोन औषधे आपल्या मनाने एकत्र करू नका.

तुमच्या बागेत या आठवड्यात काय करायचे ते सांगतो. मोडलेली झाडे उभी चिरून वाळवा. द्राव गळणाऱ्या प्रत्येक झाडाला चुना लावून खूण करा. त्यातले घड भरत आले असतील तर झाडांना टेकू द्या आणि घड थोडे लवकर काढा. घड कोवळे असून खोड फार पोखरलेले असेल तर ते झाड काढून टाकणेच स्वस्त पडेल. वाळकी पाने काढा, दुसऱ्या दिवशी सापळे ठेवा, रोज सकाळी वेचा. एका पडलेल्या झाडाचा कंद आडवा कापून आत बोगदे आहेत का ते पाहा, म्हणजे कंदाचा सोंडकिडाही आहे का हे कळेल. पोंगे आणि बेचकी माव्यासाठी चाळा. पानांची फवारणी तोवर थांबू द्या, आणि या बागेतले मुनवे दुसरीकडे लावायला देऊ नका.